विश्लेषण : आग विझवणारी नळी आणि अर्थाचा वाद, पेटंटमधील एक शब्द निकाल कसा फिरवतो?

आग विझवणारे उपकरण बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकाच्या हाती एके दिवशी पेटंटभंगाची नोटीस पडते. ‘तुमचे यंत्र आमच्या पेटंटच्या कक्षेत येते, विक्री थांबवा,’ एवढाच तिचा मथितार्थ असतो. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली तर ती सारखी दिसतातही आणि वेगळीही. मग निकाल कशावर लागतो? उत्तर यंत्रात कमी आणि कागदात जास्त असते. पेटंटच्या शेवटी लिहिलेल्या काही वाक्यांतील एखाद्या शब्दाचा अर्थ काय लावायचा, यावर असे खटले जिंकले किंवा हरले जातात. जळगाव आणि धुळ्यातील उद्योगांनी हा विषय समजून घेण्याची वेळ आली आहे.

खान्देशात हा विषय महत्त्वाचा का?

खान्देशातील अनेक उद्योग आगीच्या दृष्टीने नाजूक आहेत. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक चटया आणि पाइप, डाळ मिल, धुळ्याजवळची अवधान आणि शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा औद्योगिक वसाहत, शिरपूर परिसरातील रसायन कारखाने ही त्याची उदाहरणे. शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे 31 ऑगस्ट 2019 रोजी रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात डझनभर कामगार आणि गावकऱ्यांचा जीव गेला. ती आठवण या भागात अजून ताजी आहे.

रस्त्यावरची स्थितीही वेगळी नाही. 8 ऑक्टोबर 2022 रोजी नाशिकजवळ खासगी बसला अपघातानंतर आग लागून 12 प्रवासी दगावले. 1 जुलै 2023 रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर बस पेटून 25 जणांचा मृत्यू झाला. बसमधील आग ओळखणाऱ्या आणि ती दाबणाऱ्या यंत्रणांसाठी ‘एआयएस-135’ हे मानक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासी बस आणि स्कूल बसमधील प्रवासी कक्षालाही अशा संरक्षणाच्या कक्षेत आणले. इमारतींसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 लागू आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

म्हणजे ही उपकरणे घेणे ही आता हौस राहिलेली नाही, ते बंधन आहे. बंधन आले की बाजार येतो आणि बाजार आला की पेटंटही येते. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 48 नुसार पेटंटधारकाच्या परवानगीशिवाय ती वस्तू बनवणे, वापरणे, विकणे, विक्रीस मांडणे आणि आयात करणे या सगळ्याला मनाई असते. त्यामुळे नोटीस केवळ उत्पादकाला येते असे नाही. यंत्र बसवून देणारा विक्रेता आणि ते भिंतीवर लावणारा जिनिंग मालक हेही तिच्या टप्प्यात येऊ शकतात.

‘क्लेम’ म्हणजे नेमके काय?

मराठीत इथेच पहिला घोटाळा होतो. कोर्टकचेरीत ‘दावा’ म्हणजे दाखल केलेला खटला. पेटंटमधील ‘क्लेम’लाही सरकारी मराठीत दावाच म्हणतात. म्हणून या लेखात ‘क्लेम’ हाच शब्द वापरला आहे.

पेटंटच्या कागदाचे ढोबळ भाग असे असतात : शोध काय आहे आणि तो कसा करायचा याचे वर्णन, आकृत्या आणि शेवटी क्रमांक घातलेले क्लेम. कायद्याच्या कलम 10 नुसार संरक्षणाची व्याप्ती क्लेम ठरवतात. ते स्पष्ट आणि नेमके असावे लागतात, आणि वर्णनात जे उघड केले आहे त्यावरच आधारलेले असावे लागतात.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर वर्णन म्हणजे जमिनीत काय पिकते याची माहिती आणि क्लेम म्हणजे खरेदीखतातील चतुःसीमा. पूर्वेला नाला, पश्चिमेला गट क्रमांक अमुक. बांध कोणी कोरला याचे भांडण लागले की पीक किती चांगले होते हे कोणी विचारत नाही, चतुःसीमा वाचली जाते. फरक इतकाच, की जमिनीला मोजणीदार बोलावता येतो. क्लेमची सीमा शब्दांनी आखलेली असते आणि तिची मोजणी न्यायाधीशाला करावी लागते.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. क्लेममध्ये चार घटक सांगितले असतील तर सर्वसाधारणपणे ते चारही घटक समोरच्याच्या यंत्रात असावे लागतात. त्यातील एक जरी नसेल, तर पेटंटभंग झाला असे म्हणणे अवघड होते. म्हणूनच त्या एका घटकाच्या शब्दावर दोन्ही बाजूंचे वकील तुटून पडतात.

एका नळीवरून वाद कसा उभा राहतो?

बसच्या इंजिनाजवळ किंवा कारखान्यातील वीज पॅनेलमध्ये बसवली जाणारी एक यंत्रणा पाहू. तिच्यात दाबाखाली भरलेली प्लास्टिकची बारीक नळी धोक्याच्या जागांवरून फिरवलेली असते. आग लागली की नळी सर्वात तापलेल्या जागी मऊ पडून फुटते. पुढे दोन प्रकार होतात. पहिल्या प्रकारात टाकीतील वायू किंवा द्रव त्या फुटलेल्या भोकातूनच आगीवर पडतो. दुसऱ्या प्रकारात नळी फुटल्याने फक्त दाब उतरतो. दाब उतरला की टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मारा वेगळ्या पाइपांतून, नोझलवाटे होतो. पहिल्यात नळी पहारेकरीही असते आणि पाणक्याही. दुसऱ्यात ती फक्त पहारेकरी असते.

आता समजा, एका पेटंटचा क्लेम असा आहे : ‘दाबाखालील टाकी आणि तिला जोडलेली, उष्णतेने फुटणारी नळी, नळी फुटताच टाकीतील पदार्थ तिच्यामार्फत आगीवर सोडला जातो.’ हा क्लेम काल्पनिक आहे, पण वाद खरे असतात तसे आहेत.

दुसऱ्या प्रकारची यंत्रणा बनवणारा म्हणेल, ‘माझ्या नळीतून काहीच आगीवर पडत नाही, मारा नोझलमधून होतो.’ पेटंटधारक म्हणेल, ‘मार्फत म्हणजे आतूनच असे कुठे आहे? नळी फुटल्यामुळेच मारा सुरू होतो, म्हणजे तो तिच्यामार्फतच झाला.’ ‘जोडलेली’ या शब्दाचेही तसेच. थेट टाकीला जोडलेली, की मध्ये व्हॉल्व्ह असला तरी चालेल? ‘फुटणारी’ म्हणजे चिरली जाणारी, की वितळून भोक पडणारीही? यंत्रांत काहीही न बदलता केवळ शब्दाचा अर्थ बदलला की निकाल उलटतो.

अशा शब्दांच्या निवडीचा परिणाम इतिहासातही दाखवता येतो. अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी 1874 मध्ये स्वयंचलित स्प्रिंकलरचे पेटंट घेतले आणि आपल्या पियानोच्या कारखान्यात ते बसवले. त्यात कमी तापमानाला वितळणारे डाख पाण्याची वाट अडवून धरत असे. आज मॉल आणि हॉस्पिटलच्या छताला दिसणाऱ्या बहुतेक स्प्रिंकलरमध्ये डाखाऐवजी द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. लाल कुपी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटते. ‘वितळणारा धातू’ असे शब्द असलेला क्लेम काचेच्या कुपीपर्यंत पोहोचणे कठीण. ‘उष्णतेने वाट मोकळी करणारा घटक’ असे लिहिले असते तर डाख आणि कुपी दोन्ही त्यात आले असते.

न्यायालये अर्थ कसा लावतात?

भारतीय न्यायालयांनी यासाठी काही सूत्रे घालून दिली आहेत. पहिले सूत्र सर्वोच्च न्यायालयाचे. डिसेंबर 1978 मध्ये बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात पितळी भांडी कातायला लेथवर पकडून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट वादात होते. न्यायालयाने सांगितले, की आधी क्लेम वाचून मग वर्णनाकडे जाण्याची पद्धत बरोबर नाही. आधी वर्णन वाचावे, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनाची तयारी होते, आणि मग क्लेमकडे यावे. याच निकालात ते पेटंट टिकले नाही. कुशल कारागीर नेहमीच्या कामात करतो तशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दुसरे सूत्र : शब्दांचा अर्थ त्या धंद्यातल्या जाणकाराच्या नजरेने लावायचा. शब्दकोश मदतीला असतो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. ‘हेड’ म्हणजे डोके हे कोशात खरे असले तरी स्प्रिंकलर बसवणाऱ्याला ‘हेड’ म्हणजे काय हे विचारावे लागत नाही.

तिसरे सूत्र : शोधाचा गाभा पाहायचा. फिल्मच्या पट्टीतील चित्रे पाहण्याच्या यंत्राबाबतच्या राज प्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हा विचार मांडला. किरकोळ, बिनमहत्त्वाचे बदल करून कोणी गाभाच उचलला असेल तर त्याला सुटका नाही.

याच मुद्द्यावरचा इंग्लंडमधील ‘कॅटनिक’ खटला जगभर उद्धृत होतो. दारे-खिडक्यांवर बसवायच्या पोलादी लिंटेलचे ते पेटंट होते. क्लेममध्ये मागची पट्टी ‘उभी’ असल्याचे लिहिले होते. प्रतिस्पर्ध्याने ती पट्टी आधी 6 आणि नंतर 8 अंशांनी तिरपी केली. 1980 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने विचारले, की बांधकामातील जाणकार माणूस ‘उभी’ याचा अर्थ काटेकोर 90 अंश असा घेईल का? उत्तर ‘नाही’ असे आले. एवढ्या तिरपेपणाने कामात नगण्य फरक पडत होता, त्यामुळे पेटंटभंग मानला गेला.

चौथे सूत्र : आकृतीत एक नमुना दाखवला म्हणून क्लेम त्या नमुन्यापुरता आक्रसत नाही. अमेरिकेतील ‘फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच’ हा 2005 चा निकाल याबाबत पायाभूत मानला जातो. तुरुंगासारख्या इमारतींसाठी आग आणि आवाज रोखणाऱ्या, जोडून उभ्या करता येणाऱ्या पोलादी भिंतींचे ते पेटंट होते. भिंतीच्या आतल्या ‘बॅफल’ म्हणजे आडव्या पट्ट्या तिरप्याच असाव्यात की काटकोनातही चालतील, यावर वाद होता. आकृत्यांत त्या तिरप्या होत्या. तरीही ‘बॅफल’ या शब्दाला तशी मर्यादा नाही, असे तेथील फेडरल सर्किट न्यायालयाने ठरवले.

पाचवे सूत्र रोश विरुद्ध सिप्ला या खटल्यात ठळक झाले. कर्करोगावरील एर्लोटिनिब या औषधाचा तो वाद होता आणि एक बाजू मुंबईची कंपनी होती. नोव्हेंबर 2015 च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने क्लेमच्या अर्थनिश्चितीचे नियम सविस्तर मांडले. तुलना दोन कंपन्यांच्या मालाची करायची नसते. समोरच्याचा माल आणि पेटंटधारकाचा क्लेम यांची करायची असते. अग्निशमन यंत्राच्या वादात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. दोन्ही सिलिंडर लाल आहेत, दोन्हींवर गेज आहे, दोन्ही सारख्या आकाराचे आहेत, याने काहीच सिद्ध होत नाही.

बजाज-टीव्हीएस वादात काय घडले?

महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण पल्सरचे आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै 2002 मध्ये दोन स्पार्क प्लगच्या इंजिनासाठी अर्ज केला आणि 2005 मध्ये 195904 क्रमांकाचे पेटंट मिळवले. ‘डीटीएस-आय’ म्हणून हे तंत्र गावोगाव पोहोचले. क्लेम लहान व्यासाच्या, म्हणजे 45 ते 70 मिलिमीटर सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनाशी संबंधित होता. टीव्हीएसने 2007 च्या अखेरीस 125 सीसीची ‘फ्लेम’ आणली. तिच्यातही दोन प्लग होते, पण व्हॉल्व्ह दोनऐवजी तीन होते.

प्रश्न पुन्हा अर्थाचाच होता. शोधाचा गाभा ‘लहान इंजिनात दोन प्लग’ हा, की ‘दोन प्लग आणि दोन व्हॉल्व्ह’ ही जुळणी? पहिला अर्थ घेतला तर तिसरा व्हॉल्व्ह ही नुसती भर ठरते. दुसरा घेतला तर फ्लेमचे इंजिन वेगळे ठरते. होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटमुळे बजाजच्या पेटंटच्या नावीन्यावरही प्रश्न उभा करण्यात आला.

16 फेब्रुवारी 2008 रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसला फ्लेम एका प्लगसह बाजारात आणावी लागली. 18 मे 2009 रोजी खंडपीठाने मनाई उठवली. तीन व्हॉल्व्हचा फरक त्यांना दुर्लक्ष करण्यासारखा वाटला नाही. 16 सप्टेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मुभा दिली, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितले. बौद्धिक संपदेचे खटले वर्षानुवर्षे अंतरिम आदेशांवरच लढले जातात, याबद्दल नाराजी व्यक्त करून दैनंदिन सुनावणीचे निर्देशही दिले. एवढे होऊनही 2019 मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात समझोता केला, तोपर्यंत जवळपास 12 वर्षे उलटली होती. त्या शब्दांचा अंतिम अर्थ काय, हे शेवटपर्यंत निकालातून ठरलेच नाही.

पेटंटधारकाने अर्थ ताणून मोठा केला तर?

तो स्वतःच्या पेटंटला धोका निर्माण करतो. भंग ठरवताना क्लेमचा जो अर्थ घ्यायचा, तोच अर्थ पेटंट वैध आहे की नाही हे ठरवतानाही लागू होतो. वरच्या काल्पनिक उदाहरणात ‘मार्फत’चा अर्थ ‘नळी फुटल्यामुळे कोणत्याही मार्गाने’ असा घेतला, तर क्लेम इतका रुंद होतो की त्यात जुनी, आधीपासून ज्ञात असलेली यंत्रेही येतात. जुने आत आले की नावीन्य संपते आणि कलम 64 खाली पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते. पांघरूण तोकडे असते. डोक्यावर ओढले की पाय उघडे पडतात.

भारतात पेटंट मंजूर झाले म्हणजे त्याच्या वैधतेची हमी मिळाली असे कायदा मानत नाही. शिवाय कलम 3 नुसार ज्ञात साधने नुसती शेजारी मांडणे, ज्यात प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करते, हा शोध ठरत नाही. भोंगा, दिवा आणि अग्निशमन सिलिंडर एका पेटीत ठेवले एवढ्याने पेटंट मिळू नये, ते यामुळेच.

नोटीस आली तर काय पाहावे?

घाबरून माल उचलून ठेवणे आणि नोटीस कचऱ्यात टाकणे, या दोन्ही चुका महागात पडतात. पाहायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे :

• पेटंटचा क्रमांक दिला आहे का? पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो मोफत शोधता येतो. नुसता अर्ज दाखल आहे, की पेटंट मंजूर झाले आहे, हे आधी कळते.

• पेटंट जिवंत आहे का? मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते आणि ते चालू ठेवण्यासाठी शुल्क भरावे लागते. शुल्क थकले की पेटंट संपते.

• पहिला क्लेम घटकांत तोडून प्रत्येक घटकापुढे ‘माझ्या यंत्रात आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण करावी. जिथे ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ येते, तोच वादाचा शब्द. वकिलाकडे जाताना हा कागद सोबत असावा.

• पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहारही पाहावा. मंजुरी मिळवण्यासाठी अर्जदाराने ‘आमची नळी स्वतःच मारा करते, म्हणून ती जुन्या यंत्रांपेक्षा वेगळी आहे’ असे लिहिले असेल, तर नंतर उलटे बोलणे त्याला जड जाते.

• धमकी निराधार असेल तर कलम 106 खाली दाद मागता येते. मात्र पेटंट अस्तित्वात आहे एवढेच कळवणे ही धमकी ठरत नाही. कलम 105 खाली ‘आपल्या यंत्राने भंग होत नाही’ अशी घोषणा न्यायालयाकडून मागता येते. त्यासाठी आधी पेटंटधारकाला पूर्ण तपशील देऊन लेखी कबुली मागावी लागते.

• यंत्रावर नुसते ‘पेटंटेड’ असे छापलेले असणे पुरेसे नाही. पेटंट आहे हे माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे कारणही नव्हते, असे दाखवणाऱ्याला कलम 111 भरपाईपासून संरक्षण देते. क्रमांकाशिवाय छापलेला शब्द म्हणजे सूचना, असे हे कलम मानत नाही.

भंगाचा दावा जिल्हा न्यायालयात दाखल होऊ शकतो. पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याची प्रतिमागणी केली, की कलम 104 नुसार प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ होय.

ग्राहकांनीही एक गल्लत टाळावी. पेटंट म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. यंत्र नवे आहे, एवढेच पेटंट सांगते. ते आग विझवेल का, हे मानक चाचण्या, आयएसआय चिन्ह आणि परवानाधारक संस्थेची तपासणी सांगते.

स्थानिक संशोधकांसाठी धडा काय?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात, शिरपूर आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमध्ये नव्या कल्पना निघत असतात. नैसर्गिक व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपये आहे. अडचण पैशाआधी भाषेची असते.

पेटंटचा अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो. कारागीर मात्र यंत्राबद्दल मराठीत किंवा अहिराणीत विचार करतो. व्हॉल्व्ह ‘उघडतो’, ‘सरकतो’ की ‘उडतो’ हा फरक त्याला हातातून माहीत असतो. तो एजंटच्या इंग्रजी मसुद्यात उतरला नाही, तर शोध राहतो आणि संरक्षण निसटते. म्हणून मसुदा मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. प्रत्येक क्लेमला ‘हा शब्द बदलून शेजारचा कारखानदार काय करू शकेल?’ हा प्रश्न विचारावा. पहिला क्लेम रुंद आणि पुढचे क्रमाने अरुंद ठेवावेत, म्हणजे रुंद क्लेम कोसळला तरी अरुंद क्लेम उभा राहू शकतो. आणि अर्ज होण्याआधी यंत्र प्रदर्शनात मांडू नये, विकू नये आणि त्याचा व्हिडीओ समाजमाध्यमांवर टाकू नये. असे केल्यास बहुतेक वेळा नावीन्यच संपते.

काय बदलायला हवे?

वादातील शब्दांचा अर्थ खटल्याच्या सुरुवातीलाच ठरला पाहिजे. आज बहुतेक लढाई अंतरिम मनाईवर होते. त्या टप्प्यावर शब्दाचा अर्थ ‘सकृतदर्शनी’ लावला जातो, पण परिणाम कायमचा होतो. मोठी कंपनी दहा-बारा वर्षे हिशेब ठेवत थांबू शकते. दहा कामगारांचे वर्कशॉप एका हंगामाची मनाईही झेलू शकत नाही. ते बंद पडते किंवा मिळेल त्या अटीवर समझोता करते, आणि शब्दाचा खरा अर्थ काय होता हा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या बाजूला, ज्याचा शोध खरोखर चोरला गेला त्या लहान संशोधकाचेही याच विलंबात नुकसान होते. त्याच्या पेटंटची 20 वर्षे खटल्याच्या तारखांतच झिजतात.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये पेटंट खटल्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पक्षकारांना कोणत्या क्लेमचा कोणता अर्थ ते घेतात हे टिपणाद्वारे मांडावे लागते. हीच सवय महाराष्ट्रातील वाणिज्य न्यायालयांतही लागली पाहिजे. पहिल्या काही तारखांतच दोन्ही बाजूंनी वादाचे शब्द आणि आपापले अर्थ लेखी द्यावेत. गरज असेल तिथे न्यायालयाने त्या धंद्यातील तज्ज्ञाची मदत घ्यावी, कायद्यात तशी सोय आहे. अर्थ ठरला की अनेक खटल्यांत भांडायला फारसे काही उरणार नाही.

अग्निशमन उपकरणांच्या बाबतीत ही घाई अधिक रास्त आहे. पेटंटचा वाद चालू असताना एखादे उपकरण बाजारातून गेले, तर त्याची जागा रिकामी राहते किंवा निकृष्ट माल ती घेतो. जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाला आणि बसमधल्या प्रवाशाला कोर्टाची पुढची तारीख माहीत नसते. म्हणून मनाईचा विचार करताना, पर्यायी उपकरण उपलब्ध आहे का, हा प्रश्न न्यायालयाने जरूर विचारावा. आधीच बसवलेल्या यंत्रणांची देखभाल थांबणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

आणि खान्देशातील उद्योजक संघटना, जिल्हा उद्योग केंद्रे आणि महाविद्यालये यांनी क्लेम वाचायला शिकवणारे वर्ग मराठीत सुरू करावेत. सातबारा वाचता येणे ही इथल्या शेतकऱ्याची गरज आहे, हे कुणाला सांगावे लागत नाही. क्लेम वाचता येणे ही इथल्या कारखानदाराची तशीच गरज झाली आहे. बांधावर भांडण उभे राहण्याआधी चतुःसीमा माहीत असलेली बरी.